एक कुटुंब, दोन चुली

शिरगणतीच्या कागदावर कुटुंबाची व्याख्या फार साधी असते. एरवी एकत्र राहणारी आणि एका चुलीवरचे अन्न खाणारी माणसे म्हणजे एक कुटुंब. शेतीवर जगणाऱ्या गावात ही व्याख्या बहुतेक वेळा चपखल बसते. मुंबईत मात्र ती शंभर वर्षांहून अधिक काळ अडखळत राहिली. इथे एकेका खोलीत पाच-सहा चुली पेटत होत्या, आणि एकेका खाणावळीच्या चुलीवर अनेक घरांतले पुरुष एका पंगतीला बसत होते. त्या पुरुषांची बायकामुले आणि आईबाप रत्नागिरी, सातारा, पुणे जिल्ह्यांतल्या गावांत वेगळ्या चुलीवर जेवत होते. गणतीदारांनी दोन्हीकडे आपापली नोंद चोख केली. पण त्या दोन नोंदी मिळून जे एक घर होते, ते कुठल्याच कोष्टकात आले नाही.

मुंबईच्या लोकसंख्येचा इतिहास सामान्यतः वाढत्या आकड्यांची कथा म्हणून सांगितला जातो. प्रस्तुत लेखात त्या आकड्यांकडे कुटुंबाच्या बाजूने पाहायचे आहे. मुंबईची शिरगणती ज्याला शहर म्हणत होती, ते बऱ्याच अंशी अर्ध्या अर्ध्या कुटुंबांचे शहर होते. उरलेली अर्धी कुटुंबे गावी होती आणि या शहराचा मोठा खर्च तीच उचलत होती. हा खर्च जमेस न धरल्यामुळे मुंबईने आपल्या माणसांसाठी किती आणि कशी घरे बांधली, हेही त्यातून उलगडते.

चांदण्या रात्रीची गणती

मुंबई बेटाची पहिली सविस्तर शिरगणती १८६४ च्या फेब्रुवारीत झाली. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आलेला होता, शहरात पैशाचा पूर होता आणि त्यामागे माणसांचा. त्या गणतीत ८,१६,५६२ माणसे भरली. युद्ध संपले, १८६५ मध्ये शेअर बाजार कोसळला आणि १८७२ च्या गणतीत हा आकडा ६,४४,४०५ वर आला. आठ वर्षांत पावणेदोन लाख माणसे कमी! इतकी माणसे मेली नव्हती. ती आली होती तशी परत गेली होती.

१८८१ पासून हिंदुस्थानभर एकाच रात्री शिरगणती करण्याची पद्धत सुरू झाली. १७ फेब्रुवारी १८८१, २६ फेब्रुवारी १८९१, १ मार्च १९०१, १० मार्च १९११, १८ मार्च १९२१ आणि २६ फेब्रुवारी १९३१ अशा या रात्री. तारीख निवडताना मोठे सण, जत्रा आणि लग्नाच्या तिथी टाळल्या जात, आणि गणतीदारांना दारोदार फिरता यावे म्हणून चांदणे असलेली रात्र पाहिली जाई. त्या रात्री जो माणूस जिथे सापडेल तिथे तो मोजायचा, असा नियम होता. तो कुठला, त्याचे घर कुठे, हे जन्मस्थानाच्या रकान्यातून जेवढे समजेल तेवढेच.

या पद्धतीत शहर किती हलते आहे ते प्लेगने दाखवून दिले. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले, आणि पुढच्या काही महिन्यांत लाखो लोक शहर सोडून गेले. १८९१ मध्ये ८,२१,७६४ असलेली लोकसंख्या १९०१ मध्ये ७,७६,००६ भरली. नगरपालिकेने १९०६ मध्ये पुन्हा मोजणी केली तेव्हा ती ९,७७,८२२ होती. पाच वर्षांत दोन लाखांची वाढ पाळण्यातून होत नाही. संकट आले की शहर गावाकडे ओसरायचे आणि संकट सरले की पुन्हा भरायचे. ओसरायला जागा होती, कारण गावची चूल विझलेली नव्हती.

हजार पुरुषांमागे सव्वापाचशे

१८८१ मध्ये मुंबईत दर हजार पुरुषांमागे ६६४ स्त्रिया होत्या. पुढच्या चाळीस वर्षांत गिरण्या वाढल्या, गोदी वाढली, रेल्वेचे कारखाने वाढले, आणि स्त्रियांचे प्रमाण मात्र खाली गेले. १९११ मध्ये ते ५३० होते, १९२१ मध्ये ५२५. शहर जसजसे उद्योगाचे झाले तसतसे ते अधिकाधिक पुरुषांचे झाले. मीरा कोसंबी यांनी १८८० ते १९८० या शंभर वर्षांतल्या मुंबईचा जो अभ्यास केला, त्यात या आकड्यांचे महत्त्व स्पष्ट दिसते.

याच काळातला दुसरा आकडा जन्मस्थानाचा. १८७२ मध्ये मुंबईत राहणाऱ्यांपैकी सुमारे ३१ टक्के लोक मुंबईत जन्मलेले होते. १९०१ मध्ये ते २३ टक्क्यांच्या आसपास आले आणि १९२१ मध्ये १६ टक्क्यांवर. म्हणजे त्या साली शंभर मुंबईकरांपैकी चौऱ्याऐंशी जण जन्माने बाहेरचे होते. बाहेरून आलेल्यांत सर्वांत मोठा गट रत्नागिरी जिल्ह्याचा. आजचा सिंधुदुर्ग तेव्हा त्याच जिल्ह्यात होता. १९११ आणि १९२१ या दोन्ही गणत्यांत रत्नागिरीत जन्मलेले दोन लाखांहून अधिक लोक मुंबईत भरले, म्हणजे साधारण दर पाच मुंबईकरांमागे एक. त्याच गणत्यांत रत्नागिरी जिल्ह्याचे पान उघडले की तिथे हजार पुरुषांमागे अकराशेहून अधिक स्त्रिया दिसतात. दोन जिल्ह्यांची ही दोन कोष्टके वेगवेगळ्या खंडांत छापली गेली. ती शेजारी ठेवली, तर एकाच घराचे दोन तुकडे एकमेकांना जुळताना दिसतात.

कोकणी बोलण्यात हा भेद पक्का होता. चाकरमानी मुंबईत ‘खोलीवर’ जाई आणि गावी ‘घरी’. मुंबईत बिऱ्हाड असे, घर नसे. मनीऑर्डर घरी जाई, पत्र घरी जाई, म्हातारपणी माणूसही घरी जाई. अण्णाभाऊ साठे यांची गावी राहिलेल्या मैनेची छक्कड महाराष्ट्रभर गाजली, त्यामागे या लाखो घरांचा अनुभव होता.

मग बायका का आल्या नाहीत? परंपरा, लाज, सासूसासऱ्यांची सेवा ही कारणे सांगितली जातात आणि ती खोटी नाहीत. पण त्यांच्या मुळाशी हिशेब होता. कोकणातली शेती तुकड्यातुकड्यांची, वर्षभर पोटाला न पुरणारी, पण सोडून देण्याइतकी निरुपयोगीही नाही. ती कसायला कुणीतरी मागे राहणे भाग होते. मुंबईतला पगार एका माणसाच्या जेवणाखाण्याला पुरून थोडा गावी पाठवता येईल इतपत होता. चार माणसांचे बिऱ्हाड त्यावर चालणे कठीण होते. शेतीला पगाराची गरज होती आणि पगाराला शेतीची. या दोहोंतला दुवा म्हणून जी उभी राहिली ती गावची बाई. शिरगणतीने तिला अनेकदा कामकरी म्हणूनही मोजले नाही.

बायका मुंबईत मुळीच नव्हत्या असे अर्थातच नाही. १९२० च्या दशकात कापड गिरण्यांतल्या कामगारांत सुमारे पाचवा हिस्सा स्त्रियांचा होता. त्या मुख्यतः वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत काम करत. पण त्यांच्यात विधवा, नवऱ्याने टाकलेल्या, गावी जमिनीचा आधार नसलेल्या अशा बायका पुष्कळ होत्या. गावची चूल ज्यांच्यासाठी विझली होती, त्या गिरणीत आल्या.

खोली, खाणावळ आणि कूड

एकट्या पुरुषांच्या या शहराने स्वतःच्या राहण्याच्या रीती तयार केल्या. गिरणगावात गावकीच्या खोल्या होत्या. एका गावातली माणसे मिळून खोली घेत, भाडे वाटून भरत आणि गावाहून येणाऱ्या प्रत्येक पोराला तिथे वळकटी टाकायचा हक्क असे. ट्रंका भिंतीला रचलेल्या, कपडे खुंटीवर. दिवसपाळीचा उठला की रातपाळीचा त्याच जागी आडवा होई. या खोल्यांना शिस्त होती, पंच होते, हिशेबाच्या वह्या होत्या. गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती लोकांचे कूड म्हणजे याच व्यवस्थेचे दुसरे रूप. धोबी तलाव, डाबूल या भागांत गोव्याच्या एकेका गावाचा एकेक कूड होता, आणि जहाजावर काम करणारे खलाशी दोन सफरींच्या मधल्या काळात तिथे उतरत.

जेवण खाणावळीत. खाणावळ चालवणारी बाई बहुधा स्वतः गिरणीकामगाराची बायको किंवा विधवा असे. पगार झाला की तिचे पैसे द्यायचे, आणि संपाच्या काळात तिने उधारीवर जेवू घालायचे, अशी रीत होती. याच बायकांनी १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांच्या पुढाकाराने अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले.

आता शिरगणतीच्या व्याख्येपुढे पेच येतो. वीस पुरुष एका खाणावळीत जेवतात, एका खोलीत झोपतात; त्यांचे कुटुंब एक की वीस? याच्या उलट चित्र १९२२ मध्ये डॉ. बार्न्स या बाई डॉक्टरांनी नोंदवले. स्त्री कामगारांच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी सरकारने त्यांना नेमले होते. एका चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर सुमारे पंधरा फूट लांब आणि बारा फूट रुंद अशा एकाच खोलीत त्यांना सहा कुटुंबे आढळली. जमिनीवर सहा वेगळ्या चुली होत्या. मुलेमाणसे धरून एकूण तीस जण तिथे राहत होते, आणि सहांपैकी तीन बायका लवकरच बाळंत होणार होत्या. चूल मोजली तर सहा घरे, छप्पर मोजले तर एक.

मुंबईच्या लेबर ऑफिसने १९२१-२२ मध्ये कामगारांच्या जमाखर्चाची पाहणी केली, तेव्हा कुटुंबवाल्यांचे हिशेब आणि एकट्या पुरुषांचे हिशेब वेगळे मांडावे लागले. कामगार कुटुंबांपैकी ९७ टक्के कुटुंबे एका खोलीत राहतात, हा आकडा त्या पाहणीतून पुढे आला आणि बर्नेट-हर्स्ट यांच्या १९२५ च्या पुस्तकामुळे प्रसिद्ध झाला. एकट्या पुरुषाचे कुटुंब किती खोल्यांत राहते, हा प्रश्न मात्र कुणी विचारला नाही. त्याचे उत्तर कोकणात होते.

हजारी आठशे अठ्ठावीस

दोन ठिकाणी विभागलेल्या कुटुंबामुळे आकडे कसे फसवतात याचा सर्वांत भीषण दाखला बालमृत्यूंचा आहे. १९२१ मध्ये मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे साडेसहाशेहून अधिक अर्भके वर्षाच्या आत दगावली, असे आरोग्य खात्याची आकडेवारी सांगते. खोल्यांच्या संख्येप्रमाणे तीच आकडेवारी पाहिली तर एका खोलीत राहणाऱ्यांत हा दर सुमारे ८२८, दोन खोल्यांत ३२२, तीन खोल्यांत १९१ आणि चार किंवा अधिक खोल्यांत १३३ होता.

या आकड्यांत एक गोम आहे, आणि ती त्या काळच्या जाणकारांनाही ठाऊक होती. कामगार बायका बाळंतपणाला गावी जात. मूल गावी जन्मे, त्याची नोंद झालीच तर तिकडच्या दप्तरात होई. काही महिन्यांनी आई त्याला घेऊन मुंबईच्या खोलीवर येई. तिथे ते दगावले तर मृत्यूची नोंद मुंबईत होई. म्हणजे जन्म एका दप्तरात आणि मृत्यू दुसऱ्या. छेद लहान आणि अंश मोठा, त्यामुळे दर फुगणारच. हजारातली आठशे अठ्ठावीस मुले खरोखर मेली असे या आकड्यावरून म्हणता येत नाही.

पण म्हणून तो आकडा बाजूला सारता येत नाही. एक खोली आणि चार खोल्या यांतले अंतर इतके प्रचंड आहे की नोंदींचा सगळा दोष वजा केला तरी कोंदट खोली, दूषित पाणी, कामावर लवकर परतावे लागणारी आई आणि उपाशी बाळ उरतातच. उलट हा फुगलेला आकडा आणखी एक गोष्ट सांगतो. हे शहर आपल्या पुढच्या पिढीच्या जन्माचा भारही उचलत नव्हते. बाळंतपण, आजारपण, बेकारी आणि म्हातारपण हे चारही खर्च गावच्या चुलीवर टाकलेले होते. १९२८ चा गिरण्यांचा संप एप्रिल ते ऑक्टोबर असा जवळजवळ सहा महिने टिकला, त्यामागे संघटनेचे बळ होते तसेच गावी गेलेल्या हजारो कामगारांना तिथे मिळालेली पेजभाकरीही होती. पगार ठरवताना या पेजभाकरीची किंमत गिरणीमालकांनी कधी धरली नाही. ती फुकट मिळते आहे असे गृहीत धरूनच पगार ठरत होता.

एकशे साठ चौरस फूट

अर्धे कुटुंब हेच पूर्ण कुटुंब, असे धरून मुंबईची घरे बांधली गेली. प्लेगनंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. पुढे १९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजे बीडीडी, उभे राहिले. पन्नास हजार गाळ्यांची योजना होती. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे मिळून २०७ चाळी बांधल्या गेल्या. बहुतेक चाळीत ऐंशी खोल्या, खोली साधारण १६० चौरस फुटांची, संडास सामायिक. सुरुवातीच्या वर्षांत भाडे परवडत नसल्याने यांतल्या कितीतरी खोल्या रिकाम्या पडल्या होत्या.

ही एकशे साठ चौरस फुटांची खोली पुढे या शहराचे मापच होऊन बसली. आणि नेमक्या याच खोल्यांत हळूहळू उरलेले अर्धे कुटुंब येऊ लागले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कामाला तोटा नव्हता, फाळणीनंतर निर्वासित सहकुटुंब आले, १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडेकरूच्या पायाखाली थोडी जमीन आली. शाळा मुंबईत चांगली, म्हणून मुले आली. मुलांसाठी बायका आल्या. १९५० आणि १९५७ मध्ये हद्द वाढून मुंबई दहिसर-मुलुंडपर्यंत पोचली. १९७१ मध्ये बृहन्मुंबईत हजार पुरुषांमागे सुमारे ७१६ स्त्रिया होत्या, १९८१ मध्ये ७७३. शंभर वर्षांनी शहर पुन्हा कौटुंबिक होऊ लागले होते. पण खोली तेवढीच राहिली. एका पुरुषाच्या वळकटीसाठी चालून गेलेल्या जागेत आता तीन पिढ्या मावायच्या होत्या. पोटमाळा, पडद्याचे विभाजन, गॅलरीत झोपणारा मोठा मुलगा, पाहुणा आला की शेजारच्या खोलीत सोय, हा चाळीचा म्हणून ज्याचे आपण कौतुक करतो तो सगळा संसार या गणितातून जन्मला. २०११ च्या जनगणनेतही मुंबईतली निम्म्याहून अधिक कुटुंबे एकाच खोलीत राहत होती, आणि कुटुंबाचा सरासरी आकार साडेचार माणसांच्या आसपास होता.

ज्यांना खोलीही मिळाली नाही ते झोपडीत गेले. ४ जानेवारी १९७६ रोजी झोपडपट्ट्यांची गणती झाली आणि त्यावरून फोटोपास दिले गेले. त्या दिवशी गावी गेलेल्याचे काय, हा प्रश्न तेव्हापासून सुटलेला नाही. आजही पुनर्वसनात घर मिळते ते ठरावीक तारखेआधीचा पुरावा असलेल्या झोपडीला. झोपडी मोजली जाते, कुटुंब तिच्या मागून येते. रेशनकार्डावर नाव गावी आणि अंग मुंबईत, अशी माणसे दोन्ही दप्तरांत अपुरी ठरतात.

दुसरी चूल विझताना

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणीकामगार उतरले. १९२८ प्रमाणेच याही वेळी पुष्कळ जण गावी गेले. फरक एवढाच की या वेळी बोलावणे आले नाही. गिरण्या एकेक करून बंद झाल्या, जमिनींवर मनोरे उठले. दरम्यान गावची चूलही पूर्वीसारखी राहिली नव्हती. हेमलता दांडेकर यांनी सातारा जिल्ह्यातल्या सुगाव या गावाचा जो अभ्यास १९८६ मध्ये प्रसिद्ध केला, त्याच्या नावातच पुरुष मुंबईला आणि बायका घरी ही विभागणी आहे. मुंबईच्या पैशाने गाव तगते, पण त्या पैशातून गावात नवा रोजगार उभा राहतोच असे नाही, हे अशा अभ्यासांमधून लक्षात येते.

२००१ ते २०११ या दशकात रत्नागिरीची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर उतरली आणि सिंधुदुर्गचीही घटली. त्याच दशकात मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३,३८,०३१ वरून ३०,८५,४११ झाली. ज्या दोन टोकांवर हे एक कुटुंब उभे होते, ती दोन्ही टोके एकाच वेळी रिती होत होती. गिरणगावातल्या घरांचे भाव त्यांना परवडत नव्हते आणि कोकणात हाताला काम नव्हते. ते कुटुंब विरार, बदलापूर, दिव्याकडे सरकले. कोकणातले घर आता गणपती आणि शिमग्यापुरते उघडते.

ही व्यवस्था मात्र संपलेली नाही, तिचे पत्ते बदलले. २०११ मध्ये उत्तर प्रदेशात हजार पुरुषांमागे ९१२ स्त्रिया होत्या. पण त्याच राज्यातल्या जौनपूर जिल्ह्यात १,०२४ आणि आझमगढमध्ये १,०१९. मुंबईशी ज्यांचे नाते जुने, असे हे जिल्हे. टॅक्सी, बांधकाम, भाजीची गाडी, जरीकाम या धंद्यांतला पुरुष साकीनाक्याला किंवा धारावीत आठ-दहा जणांसह खोलीत राहतो, आणि त्याचे घर तिकडे आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या रत्नागिरीचे जे पान आपण पाहिले, त्याच्यासारखेच हे पान आहे. चाकरमान्याच्या नातवाने ते वाचले तर त्याला ओळख पटायला हवी.

२०२१ ची जनगणना लांबली. आता तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. आपली जनगणना आलेल्याला विचारते की तू कुठून आलास, केव्हा आलास, का आलास. मागे राहिलेल्या घराला मात्र ती आजवर विचारत आली नाही, की तुमचे कोण बाहेर आहे आणि ते काय पाठवते. नमुना पाहणीने २००७-०८ मध्ये हा प्रश्न विचारला होता, तेव्हा तो विचारता येतो हे सिद्ध आहे. तो घरोघरी विचारला गेला, तर मुंबईच्या पगाराचा किती भाग जौनपूरच्या चुलीवर शिजतो आणि जौनपूरच्या किती बायका मुंबईचे म्हातारपण, आजारपण आणि बाळंतपण सांभाळतात, हे प्रथमच एका कोष्टकात येईल. भाड्याच्या खोल्या, कामगार वसतिगृहे, दोन्हीकडे चालणारे रेशन, बाळंतपणाची मदत यांचा हिशेब मांडायचा तर त्या कोष्टकावाचून मांडता येणार नाही. रत्नागिरीच्या बायकांचा तो हिशेब मांडायचा राहून गेला. मुंबईच्या खोलीत जो पुरुष एकटा मोजला गेला, त्याच्या पाठीमागे कुणीतरी शेत कसत होते, एवढी नोंद त्यांच्या नावावर व्हायला हवी होती.